कालव्याकाठचा रस्ता सायकलींना द्या

प्रति,
मा. सचिव, जलसंपदा विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

सन्माननीय महोदय,

आपल्या खात्याकडे राज्यातला एक फार लांब रस्ता आहे आणि रस्त्यांच्या नकाशावर तो कुठेच दिसत नाही. पैठणहून परभणीकडे जाणारा जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटरचा, बीडकडे जाणारा उजवा १३२ किलोमीटरचा. शिवाय नीरेचे दोन्ही कालवे, प्रवरेचे, गोदावरीचे, खडकवासल्याहून दौंड-इंदापूरकडे निघालेला मुठा उजवा कालवा. पाटकऱ्याच्या फेरीसाठी आणि शाखा अभियंत्याच्या जीपसाठी या कालव्यांच्या काठाने सेवापथ आखलेले आहेत. जमिनीचं संपादन कधीच होऊन गेलंय, भराव घातलेला आहे, ओढ्यांवर पूल आहेत. माझं मागणं एवढंच आहे, की हा सेवापथ सायकलींना आणि पायी जाणाऱ्यांना रीतसर खुला करावा, आणि शेतीच्या कामाखेरीज इतर मोटारगाड्यांना तो बंद करावा.

कालव्याच्या रस्त्याला चढ नसतो हे आपल्या अभियंत्यांना मी सांगायला नको. पाणी कुणी न ढकलता शेवटच्या चारीपर्यंत पोचायला हवं, म्हणून कालवा जमिनीची समपातळी धरून चालतो. किलोमीटरमागे उतार जेमतेम वीतभर. टेकडी आली की तो वळसा घालतो, ओढा आला की वरून जलसेतूने किंवा खालून सायफनने पलीकडे जातो. ज्या हिशेबाने पाणी चालतं, त्याच हिशेबाने दहा वर्षांची मुलगी आणि सत्तरीतला माणूस तिथे दम न लागता सायकल चालवू शकतात. मुद्दाम सायकलसाठी रस्ता आखायला बसलं, तरी यापेक्षा चांगली रेघ सापडणार नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत, आवर्तन सुरू असताना, या काठाने जाण्यात जे सुख आहे ते मला या पत्रात नीट मांडायचं आहे, कारण फायलीत ते कधीच येत नाही. एका हाताला काठोकाठ वाहणारं पाणी, दुसऱ्या हाताला तुऱ्यावर आलेला ऊस किंवा ओंबीत आलेला गहू. गावं लांबून दिसतात, कारण कालवा गावाच्या वेशीत शिरत नाही, मागच्या शिवारातून निघून जातो. दाराच्या चाकावर खंड्या बसलेला असतो, हिवाळ्याचे पाहुणे धोबी पक्षी भरावावर शेपटी हलवत पळत असतात. पाणी सुटलेल्या शेताचा वास येतो. हॉर्न नाही, धूर नाही, मागून कोण येतंय म्हणून मान वळवावी लागत नाही. बायका धुणं घेऊन बसलेल्या असतात आणि सायकल थांबवून पुढचा पूल किती लांब म्हणून विचारलं, तर आधी कुठून आलात हे विचारतात. डांबरी रस्त्यावर हे बोलणं होऊच शकत नाही, तिथे दोघांनाही एकमेकांचं ऐकू येत नाही.

शहरातून हौसेने येणाऱ्या माझ्यासारख्यांसाठी हा रस्ता मागितला, तर आपण तो बाजूला ठेवाल आणि ते बरोबरही ठरेल. खरी निकड काठच्या वस्त्यांची आहे. बागायती भागात माणसं गावठाणात कमी आणि आपापल्या शेतातल्या वस्तीवर जास्त राहतात. त्यांची मुलं शाळेला येताना आधी शिवाररस्त्याने मुख्य रस्त्यावर येतात, मग तिथून पुढे. मानव विकास कार्यक्रमातून शासन आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना, घर शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत असेल तर, सायकल देतं. फार चांगली योजना आहे. पण ती सायकल घेऊन मुलीने जायचं कुठून? गळीत हंगाम ऐन शाळेच्या दिवसांत असतो. एकामागे दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, ट्रॉलीबाहेर डोकावणारा ऊस, आणि त्याला ओलांडायची घाई झालेल्या गाड्या, या सगळ्यांच्या कडेला साइडपट्टीच्या खडीतून ती मुलगी जाते. बरेच आईबाप मग सायकल घरीच ठेवतात. शासनाच्या एका खात्याने सायकल दिली आहे, दुसऱ्या खात्याकडे रस्ता आहे. दोन्हींची गाठ घालून द्यायचं काम आपण करू शकता.

असं इतरत्र झालेलं आहे. इंग्लंडमधला लीड्स–लिव्हरपूल कालवा २०४ किलोमीटरचा आहे, म्हणजे जवळजवळ आपल्या जायकवाडीच्या डाव्या कालव्याएवढाच. तिथल्या कालव्यांच्या काठची वाट नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी होती. घोडे गेले, मालवाहतूक रेल्वेकडे आणि मग ट्रककडे गेली, वाट उरली. एके काळी तिथेही काठाने सायकल चालवायला परवाना काढावा लागे. आज इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे ३,२०० किलोमीटरचे जलमार्ग २०१२ पासून एक विश्वस्त संस्था सांभाळते आणि काठाच्या वाटांवर पायी चालणाऱ्याला पहिला मान देऊन सायकलींना मुभा आहे. फ्रान्समध्ये १६८१ साली पूर्ण झालेला कॅनाल द्यू मिदी आता जागतिक वारसा आहे आणि त्याच्या काठाने माणसं आठवडाभर सायकलवर फिरतात, वाटेतल्या गावांत जेवतात, मुक्काम करतात. हे सगळं आपल्याकडे जसंच्या तसं आणता येणार नाही. त्यांचं पाणी जवळजवळ थांबलेलं असतं, आपलं वाहतं. आणि धोका नेमका तिथेच आहे.

त्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. अस्तरीकरण झालेल्या कालव्याची बाजू गुळगुळीत आणि तिरकी असते. पट्टीचा पोहणाराही आत पडला तर त्याच्या हाताला काही लागत नाही. सायफनच्या तोंडाशी तर वाचणं कठीण. म्हणून रस्ता खुला करण्याआधी ठरावीक अंतरावर पायऱ्या आणि धरायला साखळ्या, सायफनच्या अलीकडे जाळी, आणि पाण्याच्या कडेपासून निदान दीड मीटर सोडून आखलेली वाट एवढं तरी झालंच पाहिजे. वळणावर आणि शाळेजवळ कठडा हवा. हा खर्च सायकलींसाठी म्हणून मांडू नये असं मला वाटतं. काठावर धुणं धुणाऱ्या बायका, गुरं पाजायला येणारी पोरं आजही तिथेच आहेत आणि आजही तितक्याच धोक्यात आहेत.

लोकांच्या वर्दळीने भराव कमकुवत होईल, अशी एक शंका खात्याकडून येऊ शकते. भरावाला घातक आहेत ते मुरमाचे आणि वाळूचे डंपर, जे आज काही ठिकाणी बिनदिक्कत सेवापथावरून जातात. सायकलीचं वजन ते काय! २७ सप्टेंबर २०१८ ला पुण्यात दांडेकर पुलाजवळ मुठा उजवा कालवा फुटला आणि गोरगरिबांच्या घरांत पाणी शिरलं. घुशी आणि खेकड्यांनी भराव पोखरल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. पोखरलेला भराव एका रात्रीत फुटत नाही, आधी पाझरतो. तो पाझर बघायला रोज कुणी तरी काठाने जायला हवं. पाटकऱ्यांची पदं किती रिकामी आहेत हे आपल्यालाच ठाऊक. रोज शाळेला जाणारी मुलं, दूध घालायला जाणारे गवळी, सकाळी फिरायला निघालेली म्हातारी माणसं काठाने जात असतील आणि शाखा कार्यालयाचा फोन नंबर प्रत्येक पुलावर रंगवलेला असेल, तर ओल दिसल्याची वर्दी त्याच दिवशी लागेल.

रस्ता करताना तो पक्का करू नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे. दाबलेला मुरूम पुरे. काळ्या मातीच्या भरावावर पावसाळ्यात चाक रुततं, तेवढ्या टप्प्यांत खडी घालावी. काँक्रीट किंवा डांबर आलं की मागोमाग मोटारी येणारच, आणि मग रुंदीकरण. उत्तर प्रदेशात वरच्या गंगा कालव्याच्या काठाने दुपदरी मार्गासाठी एक लाखाहून अधिक झाडं तोडायला परवानगी दिली गेली आणि प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेलं. आपल्या जुन्या कालव्यांच्या काठचे कडुलिंब, बाभळी, करंज तसे जाऊ नयेत. नवी झाडं भरावावर लावता येत नाहीत, मुळांच्या वाटेने पाणी झिरपतं हे मान्य. पण भरावाच्या पायथ्याशी, खात्याच्या हद्दीत, जागा आहे.

टोकाला आणि प्रत्येक फाट्यावर दोन दगडी खांब असे रोवावेत की सायकल, बैल आणि माणूस जाईल, चारचाकी जाणार नाही. ज्या शेतकऱ्यांना शेतात जायला कालव्याचाच रस्ता आहे, त्यांच्यासाठी कुलपाचा अडसर आणि त्याची किल्ली पाणी वापर संस्थेकडे. या संस्थांना २००५ च्या कायद्याने अधिकार मिळाले आहेत आणि दिंडोरीच्या वाघाडसारख्या ठिकाणी शेतकऱ्यांनी पाण्याचा कारभार किती चोख करता येतो ते दाखवलं आहे. पाणी मोजून वाटणाऱ्यांना एक अडसर सांभाळणं जड नाही. कॅनॉलवरचे जुने दगडी बंगले कित्येक ठिकाणी पडीक आहेत. त्यांतला एखादा दुरुस्त करून काठच्या बचत गटाला चालवायला दिला, तर दूरवरून येणाऱ्या सायकलस्वारांचा मुक्काम तिथे होईल आणि चार पैसे वस्तीवर राहतील.

हे सगळं आत्ताच करायला हवं, कारण कालव्याची जागा आता मोकळी होऊ लागली आहे. उघड्या चाऱ्यांऐवजी बंद नलिका येत आहेत. पुण्यात कालव्याचं पाणी नेणारा खडकवासला ते फुरसुंगी बोगदा झाला की शहरातल्या कालव्याच्या जागेवर अनेकांचे डोळे वळतील. नळ जमिनीखाली गेला की वरची पट्टी पहिल्याच हंगामात बांधाला बांध लावून नांगरली जाते आणि मग ती परत मिळवायला कोर्टाची पायरी चढावी लागते. नलिकेच्या अंदाजपत्रकातच वरच्या वाटेचा मुरूम धरला, तर अतिक्रमणही टळेल आणि दुरुस्तीला जायला रस्ताही राहील.

यंदाचा पावसाळा संपला की जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर दोन शाळांना जोडणारा एक टप्पा निवडून सुरुवात करावी. कोणत्या वस्तीवरच्या किती मुली काठाने येऊ शकतील, याची यादी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून मागवता येईल. कार्यकारी अभियंत्यांनी वेळ दिली तर त्यांच्याबरोबर काठाने फिरून पायऱ्यांच्या, खांबांच्या आणि कठड्यांच्या जागा ठरवायला आम्ही सायकलस्वार येऊ, आणि मुरूम पसरायला श्रमदानही करू. आपल्या उत्तराची वाट पाहतो.

आपला,
एक सायकलस्वार