दिवसभराच्या गाडीचा हिशेब

बँकेत असताना मॉरिशस हा देश मला फक्त कागदावर भेटला होता. दुहेरी करआकारणी टाळण्यासाठी भारताने त्याच्याशी केलेला करार १९८३ पासून लागू झाला आणि पुढे परदेशी गुंतवणुकीचा मोठा ओघ याच चिमुकल्या बेटाचा पत्ता लावून आपल्याकडे येऊ लागला. २०१६ साली करार बदलला, १ एप्रिल २०१७ नंतर घेतलेल्या शेअरांच्या नफ्यावर भारतात कर बसू लागला आणि त्या पत्त्याची शान थोडी उतरली. तोवर मी निवृत्तीच्या उंबरठ्यावर होतो. हा देश प्रत्यक्ष पाहावा असे मात्र तेव्हापासून मनात होते. अखेर गेल्या वर्षी मी आणि सौभाग्यवती तिथे जाऊन आलो.

उतरलो होतो पश्चिम किनाऱ्यावर, फ्लिक-आं-फ्लाकला. हॉटेलात न्याहारीपासून रात्रीच्या पेयापर्यंत सारे भाड्यातच धरलेले. बेट पाहायचे तर स्वागतकक्षात छापील पत्रक तयार होते : दक्षिणेची सहल, उत्तरेची सहल, बसमध्ये चाळीस माणसे. सौभाग्यवतींनी पत्रक वाचून परत केले. त्यांच्या वहीत तीन नावे होती : आप्रवासी घाट, गंगा तलाव आणि ल मॉर्न. ही तिन्ही एका दिवसात कोणत्याच सहलीत बसेनात. म्हणून हॉटेलबाहेरच्या थांब्यावर जाऊन आम्ही दिवसभरासाठी गाडी ठरवली. पंचेचाळिशीचा, बोलका, घरात भोजपुरी आणि बाहेर क्रेओल बोलणारा गाडीवाला. आमच्याशी हिंदीत बोलला. त्याने दर सांगितला अडीच हजार रुपये. तिथला रुपया आपल्या पावणेदोन-दोन रुपयांच्या घरात आहे. आठ-नऊ तास, पेट्रोलसकट, म्हणाल तिथे. मला दर फारच स्वस्त वाटला. चौतीस वर्षे कर्जाचे अर्ज तपासलेल्या माणसाला त्याच क्षणी शंका यायला हवी होती. पण स्वस्ताई माणसाला शहाणपण विसरायला लावते.

सकाळी पोर्ट लुईला आप्रवासी घाट पाहिला. १८३४ पासून पुढे सुमारे साडेचार लाख भारतीय मजूर या बेटावर उतरले, त्यांत मुंबई बंदरातून आलेले आपले कोकणी मुलखातलेही होते. उरल्या आहेत त्या दगडी भिंती आणि चढून वर यायच्या सोळा पायऱ्या. २००६ साली युनेस्कोने या जागेला जागतिक वारशाचा दर्जा दिला. मजुराशी पाच वर्षांचा करार होई. त्यातली एक रीत मला बँकवाला म्हणून फार टोचली. एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापायची. तिला ‘डबल कट’ म्हणत. पावसाने, तापाने, दुखण्याने बुडालेला दिवस मजुराच्या खात्यावर दुप्पट लिहिला जाई.

तिथून क्यूर्पिपला निघालो. निद्रिस्त ज्वालामुखीचे विवर पाहायचे ठरले होते, पण गाडी थांबली ती जहाजांच्या लाकडी प्रतिकृती करणाऱ्या कारखान्याच्या दारात. काम अप्रतिम होते. शिडांचे दोर दोऱ्याएवढे बारीक. आम्ही पाहिले, काही घेतले नाही. पुढे गाडी करमुक्त हिऱ्यांच्या दुकानापाशी वळली, मग लोकरीच्या कपड्यांच्या. तिसऱ्या दारात मी उतरायला नकार दिला आणि जरा चढ्या आवाजातच विचारले, की ही सहल आमच्या मर्जीची आहे की दुकानदारांच्या?

त्याने गाडी बाजूला घेतली. रागावला नाही. म्हणाला, “चाचा, तुम्ही बँकेत होतात ना? मग हिशेबच ऐका.”

हिशेब असा होता. गाडीचा हप्ता, विमा, परवाना, पेट्रोल, टायर. अडीच हजारांतून दिवसाचा हा खर्च वजा केला तर हाती उरते त्यात घर चालत नाही. हॉटेलांच्या थांब्यावर गाड्या जास्त, गिऱ्हाईक कमी. शिवाय हॉटेल सोडून बाहेर पडणारा पाहुणा आधी चार ठिकाणी दर विचारतो. म्हणून दर खाली आणायचा आणि तूट दुकानात भरून काढायची. पाहुणा आत गेला की थोडे पैसे, त्याने खरेदी केली तर टक्का. “खोटं बोललो नाही मी,” तो म्हणाला, “गाडी तुम्ही म्हणाल तिकडेच जाते. फक्त वाटेत दुकानं लागतात.” मग सौभाग्यवतींच्या वहीकडे बोट दाखवून म्हणाला, “आंटींनी लिहिलेल्या तिन्ही जागा चांगल्या आहेत. पण घाटावर तिकीट नाही, तलावावर तिकीट नाही, ल मॉर्नच्या किनाऱ्यावर तिकीट नाही. तिकीट नाही तिथे टक्का नाही.”

या वाक्याने मी गप्प झालो. या देशाचे काळीज जिथे आहे, तिथे नेण्याचे याला काहीच मिळत नाही, आणि जिथे नेण्याचे मिळते ती दुकाने जगात कुठेही असतात. मर्जीची सहल म्हणून मी जे विकत घेतले होते, त्याची अर्धी किंमत दुसराच कोणी देत होता. आणि जो किंमत देतो त्याची मर्जी चालते, हा तर बँकेतला पहिला धडा.

खरे सांगायचे तर मला मॉरिशसचा तो रस्ता दिसेनासा झाला आणि एक जुने अंगण दिसू लागले. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, तेव्हा मी तिथल्या एका शाखेत कर्ज विभाग पाहत होतो. गाडी घेऊन पाहुण्यांना फिरवू, म्हणून मुले अर्ज घेऊन येऊ लागली. त्यातल्या एकाला मी जुन्या ॲम्बॅसेडरसाठी कर्ज दिले. उत्पन्नाच्या रकान्यात मीच लिहिले : वर्षाला तीनशे दिवस धंदा. तो म्हणत होता, “साहेब, पावसात कोण येतलो?” मी म्हणालो, तीनशे नाही लिहिले तर कर्ज बसणार नाही. जून कोरडा गेला, म्हणजे धंद्याने कोरडा. बाहेर कोसळतच होते. जुलै गेला, ऑगस्ट गेला. तीन हप्ते थकल्यावर नोटिशीवर सही माझीच होती. गाडी शाखेच्या अंगणात आणून लावली, तेव्हा त्याने किल्ली रुमालात गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवली. एक शब्द बोलला नाही. दंडव्याजासह हिशेब पूर्ण झाला. नियमाबाहेर मी काहीच केले नव्हते. पण सोळा पायऱ्या उतरून आल्यावर, इतक्या वर्षांनी, त्या दंडव्याजाला काय म्हणतात ते मला कळले. पावसाने बुडालेला दिवस मीही दुप्पटच लिहिला होता.

हा प्रश्न एका गाडीवाल्याचा नाही, म्हणून एवढा विस्तार. मॉरिशसची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. २०२४ साली तिथे आलेले पर्यटक १३ लाख ८० हजारांवर. म्हणजे घरात माणसांपेक्षा पाहुणे जास्त. तरी पाहुण्यांचा पैसा घरभर पोहोचतो का, हा खरा प्रश्न. सगळे भाड्यातच धरलेल्या हॉटेलात पाहुण्याला खिशात हात घालावाच लागत नाही. त्याने दिलेले पैसे विमान कंपनी, सहल कंपनी, हॉटेल आणि बाहेरून आलेला माल यांतच बरेचसे जिरतात. आमच्या कोकणात डोंगरातला व्हाळ अडवून पाटाने पाणी बागेत आणतात. धरण कितीही मोठे असो, पाट फुटका असेल तर शेवटची माड-पोफळ सुकते. हॉटेलच्या कुंपणाबाहेर पैसा नेणारा पाट म्हणजे ही दिवसभराची गाडी. तीच पाहुण्याला गावच्या खानावळीत, फळवाल्याकडे, देवळापाशी नेते. तिचे पाणी टक्क्याच्या दुकानांकडे वळले की गाव कोरडे राहते.

हा पाट किती नाजूक आहे ते महासाथीत दिसले. मार्च २०२० मध्ये मॉरिशसने दारे बंद केली. त्यातच २५ जुलैला ‘वाकाशियो’ हे जपानी मालकीचे जहाज आग्नेय किनाऱ्यावरच्या प्रवाळावर चढले आणि पुढे सुमारे हजार टन तेल निळ्या पाण्यात सांडले. उसाचा पाला आणि केस कापडात भरून लोकांनी स्वतः तेल अडवण्याचे तराफे शिवले. १५ जुलै २०२१ पासून लस घेतलेल्या पाहुण्यांना प्रवेश मिळाला, पण पहिले चौदा दिवस हॉटेलाच्या आवारातच राहायचे. पूर्ण मोकळीक मिळाली १ ऑक्टोबरला. म्हणजे मधले अडीच महिने हॉटेलांत दिवे लागले होते, आणि फाटकाबाहेर गाड्या उभ्याच होत्या. आमचा गाडीवाला तेव्हा मेहुण्याच्या भाजीच्या मळ्यात राबला. “दिवे दिसायचे आम्हाला,” एवढेच म्हणाला. आपल्याकडेही रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० हप्त्यांना मुभा दिली होती. व्याज मात्र धावतच होते.

आता म्हणाल, ॲप आहेत की! दर उघड होतो, घासाघीस नाही. खरे आहे, आणि गिऱ्हाईक म्हणून मला ते आवडते. पण गोव्यात २०१८ पासून पर्यटन महामंडळाच्या पाठबळावरच्या ॲपविरुद्ध टॅक्सीवाले का पेटले, याचा विचार केला पाहिजे. त्यांची मनमानी मी भोगली आहे, तिचे समर्थन करणार नाही. तरी दर उघड झाल्याने दर पुरेसा होत नाही. दुकानदाराच्या टक्क्याऐवजी ॲपचा टक्का आला, इतकेच होऊ शकते. माझ्या मते उपाय दोन, आणि दोन्ही साधे. एक बँकांनी करावा. शेतीच्या कर्जाचा हप्ता आपण पिकाच्या वेळेला बांधतो, तसाच पर्यटनाच्या गाडीचा हप्ता हंगामाला बांधावा, पावसाळ्यात थोडा, डिसेंबरात जास्त. दुसरा आपण करावा. गाडी ठरवताना “कमीत कमी किती?” असे न विचारता “दुकानं सोडून पूर्ण दिवसाचे किती?” असे विचारावे.

मी त्याला तेच विचारले. तो बराच वेळ बोटे मोजत होता. म्हणाला, “चार हजार.” मी हो म्हणालो. त्यालाच विश्वास बसेना. मग विवर झाले. गंगा तलावाकाठी १०८ फुटी शंकरासमोर सौभाग्यवती निवांत अर्धा तास बसल्या, कोणी घड्याळ पाहिले नाही. रस्त्याकडेच्या गाडीवर गरम दालपुरी खाल्ली, आग्रहाने पैसे त्याने दिले. दुपार कलताना ल मॉर्नच्या कड्याखाली पोहोचलो. पळालेले गुलाम या डोंगरात लपत. १८३५ साली गुलामी संपल्याची वर्दी घेऊन शिपाई आले, तेव्हा ते धरायलाच आले असे समजून गुलामांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी तिथली आख्यायिका आहे. ती सांगताना त्याचा आवाज बदलला. टक्का नसलेल्या जागी तो खरा वाटाड्या होता.

परतताना त्याने विचारले, “तुम्ही मराठी ना? मग कास्कावेल बघाच.” वहीत नसलेले नाव. उसाच्या शेतांलगतच्या त्या गावात मराठी वंशाची कुटुंबे पिढ्यान्पिढ्या आहेत. गणेश चतुर्थीला या देशात सरकारी सुटी असते. देवळापाशी भेटलेल्या आजींना आमची मराठी अर्धीच कळली. पण सौभाग्यवतींनी नमस्कार केला तेव्हा “सुखी राहा” म्हणाल्या, ते थेट आमच्या आजीच्या उच्चारात. छापील पत्रकात हे कुठून असणार!

गोष्ट इथेच संपवली तर गोड होईल, पण ती खरी होणार नाही. हॉटेलजवळ आल्यावर तो अवघडून म्हणाला, की एका दुकानात पाच मिनिटे याल का? पैसे मिळाले तरी नाते तोडता येत नाही. पाहुणे नसलेल्या महिन्यांत तोच दुकानदार उसने देतो. तुम्ही उद्या जाल, तो इथेच राहील. मला पुन्हा राग यायला हवा होता. आला नाही. हंगामाला बांधलेला हप्ता त्याला कोणा बँकवाल्याने दिला असता, तर हे उसने लागले नसते. आम्ही आत गेलो आणि सर्वांत लहान जहाज घेतले.

पैसे मोजताना त्याने एक नोट माझ्यासमोर धरली. तिच्यावर रक्कम इंग्रजी, तमिळ, हिंदी अशा क्रमाने असते. १९९८ साली नव्या नोटांवर तमिळ हिंदीच्या खाली गेली, तेव्हा एवढा गदारोळ झाला की त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या. कोण कितव्या ओळीत, हे या देशातले लोक बारकाईने पाहतात. पाहुण्याने खर्चलेल्या रुपयात गाडीवाल्याची ओळ कितवी, हे मात्र तिथेही आणि इथेही अजून कोणी नीट पाहिलेले नाही.

ते जहाज आता माझ्या टेबलावर आहे. त्याच्याकडे पाहिले की समुद्र आठवत नाही. रुमालात गुंडाळलेली किल्ली आठवते.