खालिदचे तीन संघ आणि शेंद्रा

सिटी फुटबॉल ग्रुपने अखेर मुंबई सिटीतला हिस्सा सोडला. २०१९ च्या नोव्हेंबरात ६५ टक्के वाटा घेऊन आलेल्या या मालकांनी दोनदा आयएसएल करंडक आणि दोनदा शील्ड मिळवली. पुढे लीगचेच भवितव्य धड दिसेना, तेव्हा डिसेंबर २०२५ मध्ये ते बाहेर पडले. या स्तंभाच्या जुन्या वाचकांना मी आता काय म्हणणार ते ठाऊक आहे. दूरच्या मालकाचा पैसा गावच्या मैदानात मुरत नाही, हे मी वारंवार लिहिले आणि दर वेळी पत्रे आली, की कंपन्यांच्या संघांचा जमाना गेला, तुम्ही अजून तिथेच अडकलात. आज पुन्हा तिथेच जायचे आहे, एका मिडफिल्डरच्या वाटेने.

हा मिडफिल्डर म्हणजे खालिद जमील. ऑगस्ट २०२५ मध्ये तो भारताचा प्रशिक्षक झाला. ओमानला पेनल्टीवर हरवून काफा नेशन्स कपमध्ये मिळवलेला तिसरा क्रमांक आणि मग फातोर्ड्यात सिंगापूरकडून झालेली १-२ अशी हार, यावर सगळे लिहून झाले. मला त्याची खेळाडू म्हणून झालेली वाटचाल जास्त बोलकी वाटते. १९९७ मध्ये महिंद्रा, मग एअर इंडिया, २००२ मध्ये पुन्हा महिंद्रा, २००७ मध्ये नवा निघालेला मुंबई एफसी. दुखापतींनी छळले, तरी तो भारताकडून खेळला. आता हे तीन संघ शोधायला निघा. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीने संघ मिटवला. एअर इंडिया २०१३ मध्ये परवान्याच्या अटींत बसला नाही म्हणून आय-लीगबाहेर गेला. मुंबई एफसीने सात वर्षे राबलेल्या या प्रशिक्षकाला २०१६ मध्ये निरोप दिला. पुढच्याच हंगामात त्याने ऐझॉलला आय-लीग जिंकून दिली, आणि मुंबई एफसी त्याच लीगच्या तळाला जाऊन बंद पडला. ज्या तीन घरांत हा माणूस वाढला, त्यांतले एकही उभे नाही.

आता शेंद्रा, छत्रपती संभाजीनगरजवळची औद्योगिक वसाहत. जालना रोडवर चिकलठाणा विमानतळ मागे टाकला की थोड्याच वेळात स्कोडाचा कारखाना येतो. २००१ पासून तो इथे आहे, ऑक्टाव्हिया इथे जोडली गेली, आता कोडियाक जोडली जाते. ज्या गावातून ही कंपनी आली त्याचे नाव म्लादा बोलेस्लाव. चेक प्रजासत्ताकातले हे गाव लोकसंख्येने आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढे, चाळीस-पंचेचाळीस हजारांचे. तिथला फुटबॉल क्लब १९०२ चा, मैदान पाच हजार प्रेक्षकांचे. एके काळी क्लबच्या नावातच कारखान्याचे नाव होते आणि आजही पाठीशी कारखाना उभा आहे. ज्या वर्षी महिंद्रा युनायटेड भारताचा विजेता झाला, त्याच २००५-०६ च्या हंगामात बोलेस्लाव चेक लीगमध्ये दुसरा आला आणि पुढच्या शरद ऋतूत त्याने यूएफा कपमध्ये मार्सेलसारख्या संघाला घरी ४-२ असे हरवून बाहेर काढले.

त्या संघाचा मिडफिल्डर होता मारेक मातेयोव्स्की. १९८१ चा जन्म, म्हणजे खालिदपेक्षा चार वर्षांनी धाकटा. ऑक्टोबर २००७ मध्ये चेक संघाने म्युनिकला जाऊन जर्मनीला ३-० असे हरवले, त्यातला दुसरा गोल याचा. त्या दिवशी तो कोणत्याही बड्या क्लबचा नव्हता, मोटारींच्या या छोट्या गावाचा होता. जानेवारीत इंग्लंडच्या रेडिंगने त्याला उचलले. मार्चमध्ये लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्डवर त्याने गोल केला, उन्हाळ्यात तो युरो २००८ ला गेला. मग स्पार्टा प्राग. आणि शेवटी कुठे? परत बोलेस्लावला. चाळिशी ओलांडल्यावरही तो तिथल्या मधल्या फळीत खेळत होता.

हे परत जाणे मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते. खालिदला महिंद्राकडे परत जायचे म्हटले तर तो कुठे जाणार? मुंबईत आज त्याच्या तालमीतला एखादा चौदा वर्षांचा मुलगा त्याला बघून शिकेल, अशी त्याच्या संघाची जागा उरलेली नाही. बोलेस्लावच्या मुलांना मात्र अ‍ॅनफिल्डवर गोल केलेला माणूस आपल्याच गावच्या मैदानावर वर्षानुवर्षे चेंडू अडवताना, वळून पास देताना बघायला मिळाला.

माझे मत ठाम आहे. भारताला मिडफिल्डर कमी मिळतात, कारण आपले संघ टिकत नाहीत. स्ट्रायकर एका दुपारी हेरता येतो, त्याचा वेग आणि फटका दिसतो. मिडफिल्डरचे काम दुसऱ्यांच्या धावांवर चालते. उजवीकडचा गडी कधी पळणार, मागचा बॅक दबावाखाली कोणत्या पायाने चेंडू देणार, हे एकाच संघात चार-पाच हंगाम काढल्याशिवाय अंगात भिनत नाही. गोव्याकडे बघा. डेंपो टिकला, पाच वेळा देशाचा विजेता झाला, आणि त्याच काळात क्लिफर्ड मिरांडा आणि क्लायमॅक्स लॉरेन्स तिथल्या मधल्या फळीत होते. २००८ च्या एएफसी चॅलेंज कपमध्ये अफगाणिस्तानविरुद्ध अगदी शेवटी गोल करून भारताला तारले ते लॉरेन्सनेच. पुण्यात काय झाले? पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजीयन्स, एफसी पुणे सिटी, सगळे पाचोळ्यासारखे उडाले. पुण्यातून तसा मिडफिल्डर का निघाला नाही, याचे उत्तर मी तिथे शोधतो.

डिसेंबर २०२५ मध्ये वानखेडेवर मेस्सीच्या उपस्थितीत राज्य सरकारच्या प्रोजेक्ट महादेवाचा प्रारंभ झाला. तेरा वर्षांखालील मुलामुलींना शिष्यवृत्ती मिळणार, फार चांगले. ती मुले अठराची झाली की महाराष्ट्रातल्या कोणत्या संघात खेळणार?

म्हणून मी शेंद्र्याचे नाव घेतो. स्कोडाखेरीज पर्किन्स आणि लिबहेर इथे आहेत, ऑरिक या औद्योगिक नगरीत ह्योसंग आहे. करमाड, कुंभेफळपासून जालन्यापर्यंतची तरुण पोरे शिफ्टला येतात आणि सुटीच्या दिवशी मोकळ्या प्लॉटवर खेळतात. स्कोडाची मूळ कंपनी फोक्सवॅगन, आणि तिच्या वोल्फ्सबुर्गने २००९ मध्ये थेट बुंडेसलिगा जिंकली. झेको आणि ग्राफितेचे गोल लोकांना आठवतात, मला आठवतो त्यांना २० गोलपास देणारा मिडफिल्डर मिसिमोविच. कारखान्याच्या गावात फुटबॉल कसा रुजवायचा हे या घराण्याला शिकवावे लागणार नाही.

एका कंपनीवर संघ सोपवू नका, महिंद्राचा धडा तोच आहे. एका संचालक मंडळाचे मन बदलले की सगळे संपते. चार-पाच कंपन्यांनी मिळून एक क्लब काढावा, एकीने पाय मागे घेतला तरी तो चालला पाहिजे. मैदान ऑरिकच्या नकाशात कायमचे राखलेले हवे, भाडेकराराच्या मेहेरबानीवरचे नको. पैशाचा प्रश्न काढाल तर कंपनी कायद्याचे कलम १३५ आहेच. मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामांवर खर्चावे लागतात, आणि सातव्या परिशिष्टात ग्रामीण व ऑलिंपिक खेळांचे प्रशिक्षण स्पष्ट लिहिलेले आहे. प्रशिक्षकाचा पगार, मुलांचे बूट आणि जेवण त्यातून निघेल. मोठ्यांच्या संघाचा खर्च वेगळा उभारावा लागेल, पण सुरुवात जिल्ह्याच्या पातळीवर करायला तो फार नाही. मसिआ आणि सीएमआयए या आपल्या उद्योजक संघटनांनी पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, आणि दहा वर्षांपेक्षा कमी मुदतीचा कोणताही प्रस्ताव टेबलावर ठेवू नये.