रानपिंगळ्याच्या जंगलात पैसा टाकण्याआधी

प्रति,
उपवनसंरक्षक, नंदुरबार वनविभाग; उपवनसंरक्षक, मेवासी वनविभाग, तळोदा;
अध्यक्ष व सदस्य, जिल्हा नियोजन समिती, नंदुरबार;
सातपुड्यातल्या वनहक्कधारक ग्रामसभा



113 वर्षे ज्याचा पत्ता नव्हता तो रानपिंगळा 25 नोव्हेंबर 1997 रोजी शहाद्याजवळ दिसला, हे आपण अभिमानाने सांगतो. तो सापडला कसा, ते मात्र सहसा सांगत नाही. माझ्या मागणीचे मूळ तिथेच आहे, म्हणून आधी ते सांगतो.

1884 मध्ये खानदेशातले इंग्रज अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी गोळा केलेला नमुना हा शेवटचा खात्रीचा पुरावा. पुढे रिचर्ड माइनर्ट्झहागन या लष्करी अधिकाऱ्याने 1914 मध्ये गुजरातेत मांडवीला हा पक्षी मिळाल्याची चिठ्ठी लावून एक नमुना संग्रहालयात ठेवला. त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून लोकांनी पक्षी भलतीकडे शोधला. पक्षितज्ज्ञ पॅमेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला, तेव्हा तो डेव्हिडसन यांचाच चोरलेला आणि पुन्हा शिवलेला नमुना निघाला. खोटी नोंद बाजूला सारून त्या बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांच्यासोबत जुन्या, खऱ्या नोंदींच्या ठिकाणी गेल्या, आणि शहाद्याजवळच्या जंगलात पक्षी समोर आला. एक चिठ्ठी तपासायला जगाला इतकी वर्षे लागली.

त्यानंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी तोरणमाळ-तळोद्याच्या जंगलात या पक्ष्याचा अभ्यास केला. रानपिंगळा दिवसाउजेडी वावरतो. सकाळच्या उन्हात निष्पर्ण फांदीवर उघड्यावर बसतो, शेपटी डावी-उजवीकडे झटकतो आणि खाली सरडा, सापसुरळी किंवा उंदीर दिसला की झेपावतो. त्याला सागाचे विरळ, पानझडी जंगल लागते, मधे मोकळी जागा लागते आणि घरट्यासाठी जुन्या झाडाची ढोली लागते. ढोली तो स्वतः कोरत नाही, तयार मिळाली तरच वापरतो.

आता आपली कामे या माहितीशेजारी ठेवून पाहावीत. जंगलात मोकळी जागा दिसली की तिथे रोपवन घ्यायचे आणि रोपांच्या आकड्यावर यश मोजायचे, ही सवय राज्यभर आहे. 33 कोटी वृक्षलागवडीच्या वर्षी तर सगळी चर्चा आकड्यांचीच होती. रानपिंगळ्याच्या क्षेत्रात तीच मोकळी जागा त्याचे शिकारीचे मैदान असू शकते. वठलेले, पोकळ खोड लाकूड म्हणून कुचकामी, पण या पक्ष्यासाठी तेच घर. आज लावलेल्या रोपाला अशी ढोली पडायला कित्येक दशके जातील. तळोद्याचे बरेचसे जंगल सरदार सरोवराच्या विस्थापितांच्या पुनर्वसनासाठी गेले. त्या कुटुंबांचा त्यात काहीच दोष नाही. पण जे उरले आहे तिथे चुकायला आता जागा नाही.

चांगल्या हेतूने केलेले कामही उलटते. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात 1982 मध्ये म्हशींची चराई बंद झाली. नामवंत पक्षितज्ज्ञांचा त्याला पाठिंबा होता. विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर गोळीबार झाला, माणसे मेली. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्याच दीर्घ अभ्यासात दिसले की चराई थांबल्यावर पाणथळीत गवत माजले आणि पाणपक्ष्यांची जागा आक्रसली. इंग्लंडमध्ये वटवाघळांना रस्ते सुरक्षितपणे ओलांडता यावेत म्हणून खर्च करून तारांचे पूल बांधले. नंतर कोणी उभे राहून मोजले, तेव्हा बहुतेक वटवाघळे ते वापरतच नव्हती. असे अनुभव विखुरलेले राहू नयेत म्हणून केंब्रिज विद्यापीठात विल्यम सदरलँड आणि त्यांचे सहकारी जगभरच्या संवर्धन-उपायांचे निकाल एकत्र करतात, फसलेल्या उपायांचेही. ते कोणालाही फुकट वाचता येतात. आराखडा करण्याआधी कोणीतरी ते उघडून पाहावेत, एवढे तर सहज जमण्यासारखे आहे.

तरीही तिकडचे उत्तर सातपुड्याला जसेच्या तसे लागू होईल असे मी म्हणत नाही. म्हणूनच आपल्या कामांतूनच उत्तर मिळवावे लागेल. उदाहरणार्थ वणवा. मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला जाळतात आणि ती आग पसरते. पाला न जाळता झाडाखाली जाळी अंथरून फुले गोळा करता येतात. मग काही पाड्यांना या हंगामात जाळ्या द्याव्यात, काहींना पुढच्या, आणि कोणाला आधी ते चिठ्ठी टाकून ठरवावे. दोन्हीकडे किती क्षेत्र जळाले ते बीट गार्ड आणि गावातली मुले मिळून मोजतील. जाळ्या कामाच्या ठरल्या तर सगळीकडे द्याव्यात. नसतील तर तो पैसा गस्तीला किंवा जाळरेषांना वळवावा. ज्यांच्या मोहावर हा प्रयोग होईल त्या पावरा आणि भिल्ल कुटुंबांना तो ठरवतानाच सोबत घ्यावे, कारण कोणत्या झाडात ढोली आहे आणि कोणत्या उतारावर आग आधी चढते हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नाही.

कृत्रिम घरट्यांच्या पेट्यांनाही हाच नियम लावावा. शेकडो पेट्या टांगून फोटो काढण्याआधी थोड्या लावा, त्यात कोण राहते ते निदान दोन विणीच्या हंगामांत पाहा. त्यात साधे पिंगळे किंवा साळुंक्याच शिरल्या तर रानपिंगळ्याच्या नावावर पुढचा खर्च थांबवा.

माझी मागणी मोजकी आहे. तोरणमाळ, तळोदा आणि अक्कलकुव्याच्या जंगलातल्या ढोलीच्या झाडांची ग्रामसभांसह नोंद घ्या आणि ती झाडे तोडीतून कायमची वगळा. रानपिंगळा असलेल्या कक्षांतली मोकळी जागा पाहणी झाल्याशिवाय रोपवनाखाली आणू नका. वन्यजीवांच्या प्रत्येक कामाच्या अंदाजपत्रकातच मोजणीचा खर्च धरा; काम न केलेला तसाच एक पट्टा तुलनेला राखून ठेवा. आणि निकाल, फसलेल्या कामाचासुद्धा, मराठीत छापून ग्रामसभेत वाचून दाखवा.

रानपिंगळ्याची वीण ऑक्टोबरपासून सुरू होते. ढोलीच्या झाडांची नोंद त्याआधी व्हावी, ही विनंती.

आपला,
शहादा तालुक्यातील एक रहिवासी