बांधावर उभ्या माणसाचे रक्षण कोण करणार?

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत आज जमिनीइतकी चर्चा दुसऱ्या कशाचीच होत नाही. द्रुतगती महामार्ग झाल्यापासून मुंबई-पुण्याच्या मंडळींची शेतघरे पार डोंगराच्या कुशीपर्यंत पोहोचली आहेत. खरेदीखत कार्यालयात बसून नोंदवता येते. पण जमीन कोठे सुरू होते आणि कोठे संपते, हे सांगण्यासाठी कोणाला तरी त्या उतारावर प्रत्यक्ष उभे राहावे लागते. तो भूकरमापक होय. मोजणीस होणाऱ्या विलंबाविषयी आपण सारेच तावातावाने बोलतो. त्याच्या जिवाविषयी मात्र कोणी अवाक्षर काढत नाही.

कोकणात भात उभे असताना शेतात मोजणी करणे कठीण. साहजिकच कामाचा भार उन्हाळ्यावर येतो आणि एप्रिल-मे महिन्यांत कर्जतचा पारा चाळिशी ओलांडतो. हे काम सावलीत बसून होणारे नव्हे. जुनी हद्दीची खूण शोधायची तर करवंदीच्या जाळीत शिरावे लागते, मातीत गाडला गेलेला दगड हाताने मोकळा करावा लागतो आणि त्या दगडाखाली अनेकदा विंचू असतो. कोकणातील लाल विंचवाचा दंश किती प्राणघातक, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी जगासमोर मांडले. प्राझोसिन या औषधाने रुग्ण वाचतात, हेही त्यांनीच दाखवून दिले. पण ते औषध वेळेत मिळायचे तर दंश झालेल्याला उचलून नेणारा दुसरा माणूस सोबत हवा.

डोंगरउतारांविषयी तर काय सांगावे? खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ता राहिले. ही वनवासी वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. मदतीसाठी डोंगर चढताना नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्यालाही प्राण गमवावे लागले. यादीवर विसंबून कोणता उतार निर्धोक, हे ठरवता येत नाही, एवढा बोध तरी मोजणीस माणूस पाठवणाऱ्यांनी घ्यावयास हवा होता.

आणि तरीही या व्यवसायातील सर्वांत मोठे भय विंचवाचे किंवा दरडीचे नाही. ते माणसाचे आहे. भाऊबंदकीतील वाद पिढ्यान्‌पिढ्या धुमसत असतो आणि जेथे तो पेट घेतो, नेमक्या त्याच बांधावर मोजणीदार नकाशा उलगडून उभा असतो. जमिनीचा भाव वाढला की वादाची धारही वाढते. पोलीस बंदोबस्तात मोजणी करण्याची वेळ येते, ती उगीच नव्हे.

या कामाने पूर्वीही बळी घेतले आहेत. त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे जनक विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटातच मोहिमेवर असताना वारले. त्यांची नोंद इतिहासात राहिली. त्यांची साखळी ओढणाऱ्या, जंगलातील तापाने दगावलेल्या आपल्या बांधवांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली?

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. नियुक्तिपत्र, विनामूल्य वार्षिक आरोग्य तपासणी या तिच्यातील तरतुदी स्वागतार्हच आहेत. परंतु केंद्र व राज्य शासनाची कार्यालये तिने वगळली आहेत. तेथील कंत्राटी कामगार तेवढे तिच्या कक्षेत येतात. म्हणजे एकाच मोजणी पथकातील कंत्राटी मदतनिसाला संहितेचे छत्र, आणि त्याच्या शेजारी उभ्या भूकरमापकाला नाही! खासगी क्षेत्रात दहांपेक्षा कमी माणसांची आस्थापनाही सामान्यतः बाहेरच राहते. मोजणीची प्रलंबित प्रकरणे निकाली काढण्यासाठी परवानाधारक खासगी भूमापक नेमण्याचे राज्य शासनाने २०२५ मध्ये जाहीर केले. निर्णय योग्यच आहे. पण दोन-तीन मदतनिसांसह काम करणारा हा परवानाधारक नेमका त्या फटीतच सापडणार.

श्रमिक म्हणजे केवळ वेतनाचा आकडा नव्हे, ही दत्तोपंत ठेंगडी यांची शिकवण. तिला अनुसरून परवान्याच्या अटींतच काही गोष्टी लिहिल्या गेल्या पाहिजेत. वादग्रस्त वा डोंगराळ जागी एकट्याने मोजणी करू नये. अतिवृष्टीचा इशारा असताना उतारावर जाण्यास नकार देण्याचा अधिकार असावा, आणि तो वापरल्याबद्दल परवाना धोक्यात येऊ नये. लोकसेवकावरील हल्ल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ अन्वये शिक्षा आहे; ते संरक्षण खासगी भूमापकास लागू होते की नाही, हे शासनाने निःसंदिग्धपणे सांगावे. पथकातील प्रत्येकाचा, खांब धरून उभ्या राहणाऱ्या वाडीवरच्या पोराचाही, अपघात विमा काढलेला असावा आणि त्याचा हप्ता मोजणी शुल्कातून जावा. शेतघरासाठी लाखो रुपये मोजणाऱ्यास एवढी वाढ जड जाऊ नये. अल्पभूधारक आणि वनवासी यांच्या मोजणीत हा भार शासनाने उचलावा.