झुंबरांची दप्तरे कोण शोधणार?

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील युरोपीय कलावस्तू मुख्यत्वे सर रतन टाटा व सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आल्या. दात्याचे नाव आणि नोंदवहीतील क्रमांक यांमुळे तेथील काचपात्रांना इतिहास आहे. शिंदखेड्यासारख्या तालुक्याच्या गावांतील काचेला असे भाग्य लाभलेले नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापसाच्या व्यापाराने खानदेशात पैसा आला आणि लोहमार्गांनी मुंबई-सुरतेच्या बाजारपेठा जवळ आणल्या. त्या काळात महाराष्ट्रातील सधन वाड्यांच्या दिवाणखान्यांत व मंदिरांच्या सभामंडपांत विलायती हंड्या-झुंबरे लागली. लोकांच्या तोंडी ही सारी ‘बेल्जियमची काच’. प्रत्यक्षात बोहेमियाचा मालही भारतात मोठ्या प्रमाणावर येई, तर बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीने कोलकात्यातच आपले दालन थाटले होते. कोणती हंडी कोठली, हे ठरवण्यास घडणीइतकाच खरेदीच्या कागदांचा आधार लागतो. याच आयातीला उत्तर म्हणून तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ मध्ये, तर ओगले काच कारखाना १९१६ मध्ये उभा राहिला. म्हणजेच ही झुंबरे केवळ श्रीमंतीची खूण नसून स्वदेशीच्या इतिहासाचा पूर्वार्ध आहेत.

आज वाटण्या होतात, वाडे पडतात आणि झुंबरे सुट्या लोलकांच्या भावाने जुन्या बाजारात जातात. १९७२ च्या पुराणवस्तू व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांवरील कलावस्तू खासगी व्यक्तीस परदेशी नेता येत नाही. परंतु सक्तीची नोंदणी प्रामुख्याने शिल्पे, चित्रे व सचित्र हस्तलिखिते यांच्यापुरती आहे. काचेची नोंदच नसेल, तर ती गेल्याचे कळणार तरी कसे?

प्रत्येक हंडी संग्रहालयात आणणे शक्य नाही आणि इष्टही नाही. वस्तू मालकाकडेच राहावी. तिचे छायाचित्र, मोजमाप, धातूच्या बैठकीवरील छाप आणि घरच्या कीर्द-खतावणीतील खरेदीची नोंद मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी जमा व्हावी. धुळ्यात त्यासाठी योग्य संस्था आहे. १९२७ साली स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळाची शताब्दी २०२७ मध्ये येते. ज्या इतिहासाचार्यांनी गावोगाव हिंडून दप्तरे वाचवली, त्यांच्या नावाच्या संस्थेने काचेचे हे दप्तर उघडावे आणि शासनाने त्याचा खर्च उचलावा. विलंब झाल्यास नोंदवण्याजोगे फारसे उरणार नाही.