साखळीचा मालक

आमच्या काष्टीला शनिवारी जनावरांचा बाजार भरतो. लांबलांबचे शेतकरी बैल, गाई, शेरडे घेऊन येतात. शाळा सुटली, की मी त्या बाजारात उगीच हिंडतो. कादंबरीकाराला असल्या हिंडण्याचा जाब कोणी विचारीत नाही, एवढाच त्या धंद्याचा फायदा! बैल विकणारा तिथे एक वाक्य हटकून बोलतो, "जनावर गरीब आहे, पावनं. घरचं बारकं पोर धरतंय त्याला." 'बडवून बडवून सरळ केलाय' असे सांगून बैल विकणारा मला अजून भेटलेला नाही. घेणाराही आधी पाठीवर हात ठेवून पाहतो. बैलाने अंग चोरले, की तो मुकाट्याने पुढच्या दावणीकडे वळतो. मार खाल्लेले जनावर कधी ना कधी मारके होते, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

तोच माणूस घरी कुत्रे आणले, की हे सारे शहाणपण बाजारातच विसरून येतो. याचे मला नवल वाटत नाही, संताप येतो.

आमच्या आळीत एका गृहस्थांनी अल्सेशियनचे पिल्लू आणले. नाव अर्थातच टायगर. म्हशीलाही जड व्हावी अशी साखळी आणली आणि दिवसरात्र फाटकापाशी बांधले. चुकले, की आधी वर्तमानपत्राची सुरळी, पुढे वेत. मी काही बोललो, तर म्हणाले, "गुरुजी, मालक कोण, ते पहिल्या दिवशीच दाखवावं लागतं. नाहीतर डोक्यावर बसतंय." वर्षभरात टायगर नुसता हात उगारला, की मटकन खाली बसू लागला. येणारेजाणारे वाहवा करीत. मीही केली, हे कबूल करतो.

गेल्या नरकचतुर्दशीच्या पहाटे फाटकापाशी सुतळी बॉम्ब फुटला. नेपाळात याच दिवशी कुत्र्याच्या कपाळी टिळा आणि गळ्यात फुलांची माळ घालतात. इथे टायगर साखळीला हिसके देत गरगर फिरत होता. घरातला नऊ वर्षांचा मुलगा त्याला सोडवायला धावला आणि टायगरने त्याचे मनगट फोडले. जखम साबण लावून पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुतली, लगेच दवाखान्यात नेऊन लस टोचली. पोर बरे आहे. कुत्रे मात्र दुसऱ्या दिवशी टेम्पोतून कुठेतरी नेऊन सोडले. कुठे, ते आम्ही कोणीच विचारले नाही.

हे 'मालक दाखवण्याचे' शास्त्र आले कुठून? 1947 साली रुडॉल्फ शेंकेल या अभ्यासकाने प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांवर लिहिले. अनोळखी लांडगे एका आवारात डांबले, तर हाणामारी व्हायचीच! त्यातून दांडगाईने राज्य करणाऱ्या म्होरक्याची कल्पना निघाली आणि 1970 साली डेव्हिड मीच यांच्या ग्रंथाने ती जगभर पसरली. पण याच डेव्हिड मीच यांनी रानातले मोकळे लांडगे वर्षानुवर्षे पाहिले आणि 1999 साली लिहिले, की कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले. साधे कुटुंब! आपलेच मत असे खोडून काढणारा पंडित विरळा. आमचे गृहस्थ मात्र त्यांनी टाकून दिलेले मत उचलून वेत परजीत उभे.

डेव्हिड मीच कशाला, आमच्याकडचे धनगर पाहा. पीक निघाले, की शेतात त्यांची मेंढरे बसतात. रात्री वाघर लावली, की कुत्री भोवती पडून असतात. आमच्या माळांवर लांडगा अजून आहे, म्हणून ही राखण. त्या कुत्र्यांना 'बस', 'ऊठ' कोणी शिकवलेले नसते. पिल्लू कोकरांत लोळते, भाकरीचा तुकडा त्याच हातचा खाते, त्याच माणसामागे कोसच्या कोस चालते. कळप त्याचा होतो आणि ते कळपाचे. आपल्या देव्हाऱ्यातल्या दत्ताच्या पायाशीही चार कुत्री आहेत. एकाच्याही गळ्यात साखळी नाही.

मला हे बोलण्याचा अधिकार काय? मी छडी वापरलेला मास्तर आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत माझा वर्ग इतका शांत असे, की शेजारचे मास्तर हेवा करीत. एकदा मी खडू आणायला गेलो आणि परतलो, तर वर्गाचा आठवडेबाजार झालेला! ती शांतता माझ्या हातातल्या लाकडाची होती. टायगरचे बसणेही तसेच होते.

आमचा मोत्या गावठी. शाळेमागच्या उकिरड्यावर सापडला. त्याच्यासाठी घरात एकच कडक कायदा केला: हाक मारून मारायचे नाही. कुत्रे उंडारून उशिरा परत येते आणि आपण जवळ बोलावून त्याला झोडपतो. ते काय शिकते? उंडारू नये, हे नव्हे. हाकेला येऊ नये, हे! मोत्या आला, की तुकडा मिळतो, निदान मानेवर हात फिरतो. दार उघडण्याआधी तो बसतो, कारण बसल्यावरच दार उघडते. गुरगुरला, तर मुले मागे सरतात. गुरगुरणे ही नोटीस आहे. ती मारून बंद केली, तर पुढच्या वेळी नोटिशीवाचून दात लागतात. दिवाळीत त्याला तिन्हीसांजेच्या आत फिरवून आणतो, मग माजघरात गोणपाट अंथरतो आणि घरातले कोणीतरी जवळ बसते.

"लाडानं कुत्री बिघडतात, गुरुजी," असे म्हणणारे आहेतच. पण हे लाड कुठले? रोज त्याच वेळी फिरवणे, घरातल्या पाचही जणांनी एकच शब्द वापरणे, दोन महिने न चिडणे, याला वेत मारण्यापेक्षा जास्त कष्ट पडतात. खरी अडचण तीच आहे. कायदाही आहे. कायम बांधलेल्या कुत्र्याला मालक पुरेसे फिरवीत नसेल, तर तो गुन्हा, असे 1960 च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्यात लिहिले आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. साखळी त्याहून महाग पडते.

परवाच्या शनिवारी ते गृहस्थ बाजारात दोरखंडवाल्यापुढे दिसले. हातात नवी साखळी.

"पुन्हा पिल्लू आणतोय," जरा ओशाळून म्हणाले.

"पोराला विचारलंत का?" मी म्हटले.

त्यांनी साखळी खाली ठेवली नाही. पण भावही केला नाही.