चौकट मजबूत, पण कितपत?

आमच्या नातवाला त्याच्या स्वस्तातल्या रिमोटच्या हेलिकॉप्टरची प्लास्टिकची चौकट काढून अॅल्युमिनियमची बसवायची आहे. घरात दोन तट पडलेत. सूनबाईंचे म्हणणे, तेवढ्यात नवे खेळणे येईल. मी नातवाच्या बाजूचा, पण अटी घालून.

मी भाषेचा मास्तर. यातले जे कळते ते त्याच्याकडूनच शिकलो. प्लास्टिकची चौकट वाकते. मग मोटरचे लहान दातेरी चाक मोठ्या चाकापासून किंचित सरकते, दाते झिजतात, थरथर वाढते आणि तोल सांभाळणारा जायरो गोंधळतो. म्हणजे ताठ चौकट हवीच. पण धातूचे जास्तीचे वजन पंख्यालाच उचलायचे, बॅटरी मात्र तीच. उडण्याचा वेळ घटणार. कार्बन फायबर ताठही आणि हलकेही, पण महाग. शिवाय आपटल्यावर दणका कुठेतरी जाणारच. प्लास्टिक तो अंगावर घेऊन स्वतः तुटते. चौकट टिकली तर मधला दांडा वाकतो, नाहीतर चाकाचे दाते जातात.

इथे मला पैनगंगेपलीकडचा यवतमाळ जिल्हा आठवतो. महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीच्या एका तरुण वेल्डरने स्वतः हेलिकॉप्टर बनवले होते. ऑगस्ट २०२१ मध्ये चाचणी घेताना शेपटीचा पंखा तुटून वरच्या मोठ्या पंख्यावर आदळला, त्याचे पाते डोक्याला लागून तो गेला. असे काही घडले की लोक म्हणतात, 'नसते उद्योग कशाला?' हे वाक्य मला सहनच होत नाही. हात होते, हिंमत होती. पण आपल्या तालुक्यांत विज्ञान वहीत उतरवून घेण्यापुरतेच. फिरत्या पंख्याचा तोल पोरांनी कुठे तपासायचा, कोणाला विचारायचे? पोरांना अडवणे सोपे, जागा करून देणे खर्चाचे. (आणि खर्च म्हटला की सगळे गप्प!)

असो. माझ्या अटी अशा: चौकटीबरोबर जादा दांडाही मागवायचा, आणि मोटर पहिल्यांदा फिरवताना पाती काढून ठेवायची. जुनी चौकट आम्ही सोनाराच्या काट्यावर तोलून आणली. सोनार हसला, पण आकडा चिठ्ठीवर लिहून दिला. नवी आली की पुन्हा जाऊ. सूनबाई अजून नाराजच आहेत.